'ना': कुठे नकार, कुठे होकार, कुठे भाताचं शेत

तिरफळ (धागाकर्ती)

"मी येईन ना!" असं मराठी माणूस म्हणाला की आपण त्याचं पान मांडतो. बंगाली माणूस "आमि आशबो ना" म्हणाला तर ते पान उचलून ठेवायचं, कारण त्याने स्वच्छ सांगितलंय की मी येणार नाही. शब्दांचा क्रम तोच: मी, येईन, ना. आमच्या ऑफिसात निम्मी टीम कोलकात्याची, त्यामुळे ही गंमत रोज कानावर पडते. बरं, बंगालीतही 'ना' दर वेळी नकाराचाच असतो असं नाही. "एशो ना" हे लाडात, हेल काढून म्हटलं तर "ये ना गं". तुटक म्हटलं तर "येऊ नकोस".

म्हणून हा एका अक्षराचा धागा.

आपल्याकडचा 'ना' आधी बघू. आज्ञेला लावला की तिची विनवणी होते: बस ना, दे ना, थांब ना. विधानाला लावला की खात्री: घरात आहे ना, विकत कशाला आणतेस? प्रश्नाला लावला की उत्तर आधीच ठरलेलं असतं, समोरच्याने फक्त मान डोलवायची: जेवलास ना? 'हो'ला लावला की नुसतं हुंकार देणं: "किती उकडतंय!" "हो ना." आणि ज्यांना वाक्य संपवायची घाई नसते त्यांच्याकडे तो दम खायची जागा असतो: मी ना, काल ना, मंडईत गेले होते ना, तर तिथे ना... (माझी मावसबहीण. तिचे 'ना' काढून टाकले तर अख्खा फोन पोस्टकार्डावर मावेल.) यातल्या एकाही ठिकाणी 'ना'चा अर्थ 'नाही' नाही.

तोच 'ना' पुढे येऊन बसला की खणखणीत नकार: ना घर ना दार, ना धड इकडे ना तिकडे. शिवाय हो-ना करता करता आहेच, नन्नाचा पाढाही आहे.

फारसीतून आलेला 'ना' वेगळा, तो शब्दाला कायमचा चिकटलेला असतो. नाराज, नालायक, नापसंत, नामंजूर, नाइलाज, नाहक, नाहरकत. आपण त्याला इतकं घरचं केलं की इंग्रजी 'पास'च्या आधी लावून 'नापास' बनवला आणि इंग्रजांच्या खेळात तो 'नाबाद' राहिला.

तुमच्या ओळखीच्या भाषांत 'ना' (किंवा न, ने, नो असं जवळपासचं काही) काय करतो ते लिहा. अट एकच, फॉरवर्डमधलं ज्ञान नको. भाषा कानावर पडलेली हवी.

सुंगट

गोव्यात 'ना' हे आख्खं वाक्य आहे. "नुस्तें आसा?" (मासळी आहे?) "ना." विषय संपला. बाहेरची माणसं त्या 'ना'नंतर अजून काही येईल म्हणून उभी राहतात, आणि दुकानदार हा अजून का उभा आहे म्हणून बघत राहतो.

कोंकणीत 'आसा'च्या उलट 'ना'. क्रियापदालाही तोच चिकटतो: हांव येना, तूं येना, तो येना, अनेकवचनात ते येनात. मी जेवलो नाही हे सांगायचं तर "हांव जेवूंक ना". आता "तूं येना?" हे मराठी कानाला किती गोड आर्जव वाटतं बघा. प्रत्यक्षात विचारलंय एवढंच की तू येत नाहीस का?

त्याहून मजा 'नाका'ची. कोंकणीत 'नाका' म्हणजे नको. "म्हाका चा नाका" म्हटल्यावर सासरच्या मुंबईकर मंडळींना वाटलं, जावईबापू कुठल्याशा चहाच्या नाक्याबद्दल बोलताहेत.

१९६१ च्या आधी ज्यांची शाळा झाली त्या पिढीचं पोर्तुगीज चांगलं होतं. त्या भाषेत 'ना' म्हणजे 'मध्ये', पण पुढचं नाम स्त्रीलिंगी असेल तरच. "ना इंडिया" म्हणजे भारतात. कोंकणी कानाने ऐकलं तर भारतच गायब! पोर्तुगीजांचा खरा नकार नाकातून येतो आणि मराठी माणसाला तो चक्क 'नांव' असा ऐकू येतो. त्याने तीनदा नाही म्हटलं तरी आपण आपलं नाव सांगत बसू.

ठेचाभाकर

आमच्या वऱ्हाडात 'ना'शिवाय वाक्याला चव नाही ना बाप्पा. "जाऊन राह्यलो ना", "सांगतलं ना तुले". हा ना जरा दमदाटीचा आहे, विनवणीचा कमी.

अवांतर: फ्लेक्सवर मंत्र्याच्या नावाआधी 'ना.' असतं. तो नामदारचा 'ना.' आहे हे कळेपर्यंत मला वाटायचं की कार्यकर्त्यांनी साहेबांना आधीच नकार देऊन ठेवलाय. दिवे घ्या.

घनपाठी

तिरफळताई, तुम्ही पुढचा 'ना' आणि मागचा 'ना' असा जो भेद सहज केलात तो फार जुना आहे. यास्क हा वेदातल्या शब्दांचे अर्थ उलगडणारा प्राचीन पंडित. त्याच्या 'निरुक्त' या ग्रंथाच्या पहिल्याच अध्यायात 'न' या निपाताची (अव्ययाची) चर्चा येते. यास्क म्हणतो की बोलीभाषेत 'न' फक्त निषेधाचा, पण वेदात तो दोन अर्थांनी येतो: एक नकार आणि दुसरा उपमा. म्हणजे ऋग्वेदात 'न'चा अर्थ 'नाही' होतो तसाच 'सारखा' असाही होतो.

मग ओळखायचं कसं? यास्काने दिलेली खूण अशी की ज्याचा निषेध करायचा त्याच्या आधी 'न' येतो आणि ज्याची उपमा द्यायची त्याच्या नंतर. उदाहरणंही त्याचीच. "नेन्द्रं देवममंसत", इंद्राला देव मानलं नाही: न आधी, इंद्र नंतर, म्हणून नकार. आणि "दुर्मदासो न सुरायाम्": दुर्मद आधी, न नंतर, म्हणून "दारू पिऊन झिंगलेल्यांसारखे". पोटात गेलेले सोमरस एकमेकांशी भांडतात, तर्र झालेल्यांसारखे, असं ते वर्णन आहे. आठव्या मंडलातलं. ज्याला ही खूण माहीत नाही तो इथे "दारूत न झिंगलेले" असा अर्थ लावेल आणि सगळी ऋचा निर्व्यसनी करून टाकेल.

पुढच्या संस्कृतात हा उपमेचा 'न' गळून गेला. कालिदासाच्या काळी कुणी 'सिंह न' म्हटलं असतं तर 'सिंहासारखा' असं कुणालाही कळलं नसतं.

तिरफळ

@घनपाठी, हे अजिबात माहीत नव्हतं. म्हणजे एकाच भाषेत, एकाच पुस्तकात 'नाही' आणि 'सारखा'! पण नकाराचा शब्द उपमेला गेला कसा?

घनपाठी

त्यावर एकमत नाही. मला स्वतःला पटतं ते असं: उपमा देणं म्हणजे 'हा तो नव्हे, पण...' असंच म्हणणं. योद्धा सिंह नव्हे, म्हणून तर तो सिंहासारखा. शब्दशः सिंहच असता तर उपमा कशाला लागली असती? हा माझा तर्क, निरुक्तातला नाही.

पण वैयाकरणांनाही हे नातं दिसलेलं होतं. समासात 'अ' किंवा 'अन्' होऊन येणाऱ्या नकाराचे (त्याला नञ् म्हणतात) सहा अर्थ सांगणारा एक श्लोक पाठशाळांत चालतो:

तत्सादृश्यमभावश्च तदन्यत्वं तदल्पता।
अप्राशस्त्यं विरोधश्च नञर्थाः षट् प्रकीर्तिताः॥

सादृश्य, अभाव, वेगळेपण, अल्पता, वाईटपणा, विरोध. पहिला मान कुणाला दिलाय बघा: सादृश्याला! अल्पतेचं उदाहरण तर बहारीचं आहे, 'अनुदरा कन्या'. शब्दशः पोट नसलेली मुलगी. अर्थ, बारीक कमरेची. 'अनश्व' म्हणजे घोडा सोडून दुसरं काही. 'अधर्म' म्हणजे धर्माच्या विरुद्ध. नाहीचे एवढे प्रकार मोजणारे लोक आपल्याकडे होऊन गेले आणि आपण फॉर्मवर 'हो/नाही'पैकी एकावर खूण करतो.

कानामात्रा

वाचतेय, धागा मस्त चाललाय. पण यास्काची खूण मराठीला जशीच्या तशी लावू नका, आपल्याच घरात ती मोडते. "पाऊस थांबेना." "काही सुचेना." "मुलगा ऐकेना." 'ना' शेवटी आहे आणि तरी पक्का नकार. मराठीत खूण जागेची कमी आणि चिकटण्याची जास्त. सुटा 'ना' मऊ, जोडलेला 'ना' कडक. बोल ना / बोलेना. ये ना / येईना. लिहिताना मधली जागा गाळली की अर्थ उलटतो, आणि हल्ली मोबाइलवर ती जागा सर्रास गाळतात. "घेना" हा काय प्रकार आहे ते पाठवणाऱ्यालाच विचारावं लागतं.

कोंकणीचा 'येना' आणि आपला 'येईना' एकाच गोतातले दिसतात. फक्त त्यांच्याकडे तो रोजचा वर्तमानकाळ आहे, तर आपल्याकडे त्यात हटून बसल्याचा भाव आला. "गाडी सुरू होत नाही" ही माहिती झाली. "गाडी सुरू होईना" यात आपण चार वेळा किल्ली फिरवलेली असते.

आणि आता यातलं सगळ्यात विचित्र. "थोडं का होईना, खाऊन जा." "उशिरा का होईना, आला." "कोणी का असेना, दार उघड." "लोक काही का म्हणेनात." रूप नकाराचं आणि अर्थात नकाराचा लवलेश नाही! 'थोडं का होईना' म्हणजे थोडं तरी होवोच. हे परभाषकाला समजावून बघा. मी सुनेला (ती लखनौची) शिकवताना शेवटी हात टेकले आणि म्हटलं, जसंच्या तसं पाठ कर.

शिफ्ट_बी

चाकणला कोरियन कंपनीत आहे. कोरियन भाषेत 'ने' म्हणजे हो. साहेब फोनवर वरिष्ठांशी बोलत असले की "ने. ने. ने, ने." एवढंच ऐकू येतं. नवीन लागलेली पोरं पहिल्या आठवड्यात सांगत येतात की साहेब सगळ्यालाच नाही म्हणतायत, ओव्हरटाइम गेला. प्रत्यक्षात तिकडून आलेलं सगळं कबूल होत असतं.

नाही म्हणायला 'आनियो'. आणि 'ना' म्हणजे 'मी', बरोबरीच्या माणसाशी बोलताना. वरिष्ठांसमोर 'ना' म्हणायचं नाही, तिथे 'चो'. थोडक्यात, साहेबासमोर 'ने' चालतं, 'ना' चालत नाही. मराठी कामगाराला हे वेगळं शिकवावं लागत नाही म्हणा :)

डोलकाठी

वरच्या प्रतिसादाला जोड. ग्रीक जहाजांवर बरीच वर्षं काढली. तिथेही 'ने' म्हणजे हो! आणि नाही म्हणजे 'ओही'. म्हणजे आपल्या कानाला नकारासारखा वाटतो तो होकार, आणि 'ओहो'सारखा वाटतो तो नकार. पहिले काही दिवस रेडिओवर सगळं उलटं ऐकू येतं.

त्यात मानेचं वेगळंच. ग्रीक माणूस नाही म्हणताना मान डावी-उजवी हलवेलच असं नाही, हनुवटी वर उचलतो, भुवया वर, आणि जिभेने 'च्' करतो. तो 'च्' मात्र आपल्या ओळखीचा निघाला. आमच्या रत्नागिरीकडेही "येतस काय?" ला नुसता 'च्' आला की समजायचं, नाय.

त्यांची 'ओही'वरची श्रद्धा मोठी आहे. २८ ऑक्टोबर १९४० ला इटलीने सैन्य आत सोडण्याची मागणी केली, ग्रीसने ती फेटाळली. तो दिवस 'ओही दिवस' म्हणून सुट्टीचा असतो. नकाराची राष्ट्रीय सुट्टी मी तरी दुसरीकडे पाहिली नाही.

'ना'ही आहे त्यांच्याकडे. बोट दाखवून "ना!" म्हणजे "हा बघ!" रशियन खलाशी मात्र वस्तू पुढे करून "ना!" म्हणतात तेव्हा "हे घे". रशियनमध्ये 'ना'चा दुसरा अर्थ 'वर', टेबलावर वगैरे. पहिल्यांदा एक जण चहाचा कप पुढे करून 'ना' म्हणाला तेव्हा मी तो घेतलाच नाही.

मूळपुरुष

हे सगळं एकाच गोष्टीकडे बोट दाखवतं. संस्कृत 'न' जगभर पसरला. रशियन न्येत, जर्मन नाइन, इंग्रजी नो, फारसी ना, कोरियन ने, जपानी ने. काही भाषांत वापरणाऱ्यांनी उलटा अर्थ घेतला इतकंच. मूळ एकच.

कानामात्रा

@मूळपुरुष, अर्धी यादी बरोबर आहे, पण ती अर्धीसुद्धा संस्कृतातून 'पसरलेली' नाही. संस्कृत, फारसी, लॅटिन, रशियन, जर्मन, इंग्रजी या सगळ्या एका जुन्या भाषेच्या लेकी-नाती. नकाराचा 'न' सगळ्यांना तिथून वारशात आला. बहिणीच्या अंगावर आईचं लुगडं दिसलं म्हणून ते मोठ्या बहिणीने दिलं असं होत नाही.

या घराण्यात प्रत्येकीने त्या 'न'चं काय केलं ते बघण्यासारखं आहे. रशियन 'न्येत' म्हणजे न + आहे. आपला 'नास्ति' अगदी तसाच बांधलाय, त्यावरूनच 'नास्तिक'. जर्मन 'नाइन' म्हणजे न + एक. लॅटिनचा 'नोन'ही न + एक. 'एकसुद्धा नाही', म्हणून नकार. आणि आपण तेच दोन तुकडे, नकार आणि एक, जोडले आणि काय झालं? 'अनेक'! एक नव्हे, म्हणून पुष्कळ. त्याच मालमसाल्यातून जर्मनांनी शून्य काढलं आणि आपण ढीगभर.

कोरियन, जपानी यांचा या घराण्याशी संबंध नाही. ग्रीक याच घराण्यातली, पण तिचा 'ने' हा नकाराच्या 'न'चा उलटलेला अर्थ नव्हे. तो खात्री देणारा वेगळाच जुना शब्द आहे. आणि अर्थ जुळला म्हणजे नातं आहे असंही नाही. हंगेरियन आपल्या कुळातली नाही, तरी तिथे 'नेम' म्हणजे नाही, 'ने' म्हणजे नको. योगायोग. 'न' हा उच्चार जवळजवळ प्रत्येक भाषेत आहे, 'आ' आणि 'ए'ही आहेत. एका अक्षराचे शब्द बनून बनून किती बनणार? जगात हजारो भाषा, त्यामुळे टक्कर होणारच. टक्कर झाली नसती तर नवल.

नातं बघायचं तर एका शब्दावर जाऊ नका, ओळीने बघा. आपला प तिथे फ होतो का? पितृ-फादर, पाद-फूट. असा साचा दहा ठिकाणी सापडला तर बोलू. 'ना'सारख्या चिमुकल्या शब्दावर अख्खी वंशावळ लटकवली तर ती तुटणारच.

मूळपुरुष

ठीक. 'अनेक'चं आवडलं. बाकी माझं मत राखून ठेवतो.

ठेचाभाकर

म्हणजे "हो ना" म्हणालात की "ना ना", ते सांगा ना.

पेरूवाला

सोलापूरकर हजर. आमच्या पूर्व भागात विणकर समाज मोठा, घरोघरी तेलुगू. तेलुगूत 'ना' म्हणजे 'माझा, माझी, माझं'. आणि 'पेरु' म्हणजे नाव! शाळेत शेजारच्या बाकावरच्या मित्राने शिकवलं, "ना पेरु..." आणि पुढे त्याचं नाव. मला वाटलं हा म्हणतोय, पेरू नाही. मधल्या सुट्टीत मी त्याला माझ्यातला अर्धा दिला. माझी इथली ओळखही त्यातूनच पडली.

दक्षिणेला अक्कलकोटकडे सरकलात की कन्नड. तिथे 'ना' म्हणजे मी ('नानु'चं बोलण्यातलं रूप). "ना बरतीनि", मी येतो. मराठी माणूस सुरुवातीचा 'ना' ऐकतो आणि नकार धरून चालतो. तमिळमध्ये 'ना' म्हणजे जीभ, हे मात्र चेन्नईला गेलेल्या भावाकडून.

म्हणजे आमच्या एका जिल्ह्यात 'ना' म्हणजे नाही, माझं आणि मी. भांडण व्हायला एवढं पुरे, पण होत नाही. सगळेच तिन्ही भाषा बोलतात. रच्याकने (म्हणजे 'बाय द वे'), हैदराबादी दखनीतला 'नक्को' आपल्याच 'नको'चा, तेव्हा देवाणघेवाण दोन्ही बाजूंनी आहे.

मोंबासा_मेल

सुंगट, तुमच्याच गावाकडची, पण आमचे आजोबा पूर्व आफ्रिकेत कारकून होते. तिकडे गोवेकरांची मोठी वस्ती होती, मोंबासा, नैरोबी, झांझिबार. घरात कोंकणी, बाहेर स्वाहिली. स्वाहिलीत 'ना' म्हणजे 'आणि' किंवा 'सह'. "चाय ना माझिवा" म्हणजे चहा आणि दूध. आजी नवी नवी गेली तेव्हा तिला वाटलं, चहा आहे पण दूध नाही असं सांगतोय, आणि ती शेजारणीकडे दूध मागायला गेली. ही गोष्ट आमच्याकडे दर नाताळला सांगितली जाते.

याहून पुढची गंमत. स्वाहिलीत 'जवळ असणे' असं क्रियापद नाही, 'सह असणे' म्हणतात. 'नि' म्हणजे मी. "निना किताबु": मी-सह-पुस्तक, माझ्याकडे पुस्तक आहे. नसेल तर 'सिना'. तर एकाच घरात कोंकणीच्या 'ना'ने वस्तू नाहीशी व्हायची आणि स्वाहिलीच्या 'ना'ने तीच वस्तू हातात यायची. वडील सांगायचे की पोरं मुद्दाम दोन्ही भाषा मिसळून बोलायची, खिशात पैसे आहेत की नाहीत ते मोठ्यांना कळू नये म्हणून.

सांगली_ते_साप्पोरो

जपानी 'ने' आणि मराठी 'ना' वाक्याच्या शेवटी इतके सारखे वागतात की जपानी शिकताना मराठी माणसाला हा धडा फुकट मिळतो. "आत्सुइ देस ने", उकडतंय नाही? आणि उत्तरही आपल्यासारखंच, "सो देस ने", हो ना. दोन जपानी बायका बस थांब्यावर एकमेकींना 'ने, ने' करत असतात तेव्हा भाषा येत नसली तरी विषय हवेचा आहे हे कळतं.

पण खरा घात 'ना'चा. क्रियापदाच्या मूळ रूपाला 'ना' लावला की सक्त मनाई: "ताबेरु ना", खाऊ नकोस. आणि आज्ञेच्या लांब रूपाचं शेपूट तोडून उरलेला 'ना' म्हणजे आग्रह: "ताबेना", खा की. तसंच "इकु ना", जाऊ नकोस, "इकिना", जा. मधलं एक अक्षर इकडचं तिकडे आणि पाहुणा जेवेल की उपाशी राहील ते ठरतं. आमच्या वसतिगृहाच्या आजी वाढताना "ताबेना, ताबेना" करायच्या, आणि एक नवा मुलगा दोन्ही हात मांडीवर ठेवून गप्प बसला होता.

कानामात्रा यांचं 'बोल ना / बोलेना' वाचल्यावर हेच आठवलं. फक्त आपल्याकडे सुटा मऊ आणि जोडलेला कडक. जपानीत बरोबर उलटं.

मुसाफिर

थाई लोकांचा 'ना' ऐकला नाहीत तर हा धागा अपुरा. "पाय ना" म्हणजे "जाते हं, बरं का". वाक्याच्या शेवटी लाडिक 'ना', अगदी आपल्यासारखा. बँकॉकच्या भाजीवालीने भाव सांगून शेवटी 'ना' लावला की घासाघीस करायची इच्छाच मरते.

पण हेल बदलला की संपलं. सपाट लांब 'ना' म्हणजे भाताचं शेत (शीर्षकात तिरफळ यांनी बहुतेक हेच धरलंय). वरच्या सुरात 'ना' म्हणजे आईचा धाकटा भाऊ किंवा बहीण. मामा-मावशी एकाच शब्दात. पडत्या सुरात 'ना' म्हणजे चेहरा. खाली जाऊन वर आला की 'जाड'. मामाच्या शेताबद्दल बोलताना मी मामाच्या तोंडाबद्दल काय काय बोललो असेन, देव जाणे. सगळे हसत होते एवढं खरं.

खजूर

दुबईत नर्स आहे, वॉर्डात निम्म्या जणी फिलिपिनो. त्यांच्या तागालोगमध्ये 'ना' म्हणजे 'आता' किंवा 'झालं'. "काइन ना", चला आता जेवायला. "तामा ना", पुरे झालं. आणि कुणाला पटवायचं असेल तर "सिगे ना": कर ना गं, ऐक ना. ड्यूटी बदलून हवी असली की त्या "सिगे ना" म्हणतात आणि मी "दे ना" म्हणते. सूर इतका एकच असतो की भाषांतराची गरज पडत नाही.

दादरा

भाषा सोडा, तबल्यात या. "धा धी ना, धा ती ना." उजव्या तबल्याच्या किनारीवर तर्जनीने वाजतो तो 'ना'. अर्थ शून्य आणि तरी सगळ्यात स्वच्छ. केरवा तालातही भेटतो: "धा गे ना ती, न क धी ना." आमचे गुरुजी म्हणायचे, ज्याचा 'ना' वाजला त्याचा तबला वाजला. नवशिक्याचा 'ना' वाजेना, हे कानामात्रांच्या यादीत टाका.

बर्लिनवडा

जर्मनीतून. 'नाइन'चं वर आलंच आहे, पण इथला 'ना' राहिला. जर्मन 'ना' म्हणजे काहीही. "ना उंट?" म्हणजे मग काय झालं? "ना या" म्हणजे असो, चालायचंच. "ना गुट" म्हणजे बरं बाबा. उत्तरेकडे वाक्याच्या शेवटी 'ने?' लावतात, ते आपलं 'ना?' आणि हा खरोखरच नकारातून आलाय, 'निश्ट'चं झिजलेलं रूप. म्हणजे 'नाही का?' चं 'ना?' व्हावं तसं.

सगळ्यात भारी म्हणजे नुसता 'ना'. शेजारी जिन्यात भेटतो. तो म्हणतो, "ना?" मी म्हणतो, "ना." तो वर जातो, मी खाली. यात कसं काय, बरं चाललंय, घरचे ठीक, सगळं येऊन गेलं. आमच्या ओळखीला पुष्कळ वर्षं झाली, यापुढे संभाषण गेलेलं नाही आणि दोघांचीही तक्रार नाही.

तिरफळ

सगळ्यांचे आभार. @मुसाफिर, हो, शीर्षकातलं शेत थाईच. आता 'का'वर धागा काढावा म्हणते. हिंदीत 'चा', भोजपुरीत 'काय', आणि आपल्याकडे शेवटी लावला की प्रश्न, सुरुवातीला लावला की कारण विचारणं. सांगली_ते_साप्पोरो, जपानीतही प्रश्नाच्या शेवटी 'का' येतो ना?

सांगली_ते_साप्पोरो

येतो ना! "होन देस का?", पुस्तक आहे का? शब्दाला शब्द ठेवून भाषांतर करा, क्रमसुद्धा बदलावा लागत नाही. काढा धागा.

मूळपुरुष

त्या धाग्यावर बोलूच.